कड्यावरची टोपली

पाखरमाळ हे गाव डोंगराच्या माथ्यावर, अगदी कड्याला टेकून वसलेलं होतं. तिथे हौसा नावाची एक बाई दोर वळून पोट भरत असे. बैलाच्या कासऱ्यापासून विहिरीच्या नाड्यापर्यंत सगळे दोर ती वळी. घायपाताच्या पानांतून काढलेला वाख, दोन हात आणि घराची ओसरी, एवढंच तिचं भांडवल.

गावाला एक मोठी अडचण होती. बाजार भरे खाली तळपेठेत. कड्यावरून वाकून पाहिलं तर पेठेतली कौलं दिसत, लोहाराच्या भट्टीचा धूर दिसे. पण खाली जायची वाट डोंगराला भला मोठा वळसा घालून जाई. पहाटे निघालेलं माणूस दुपारी पोचे. तोवर लोण्याचं पाणी होई. मधाची गाडगी वाटेत फुटत. दूध न्यायच्या फंदात तर कुणी पडतच नसे.

एका उन्हाळ्यात हौसा कड्यावर वाख वाळत घालत होती. वाऱ्याने त्यातली एक पेंढी उडवली. बघता बघता ती खाली गेली आणि तळपेठेच्या वरच्या शेतात जाऊन पडली. हौसा बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग त्याच पावली ती भिवा सुताराकडे गेली.

"भिवादादा, इथून खालपर्यंत एक दोर ताणला, त्यावर कप्पी बसवली आणि कप्पीला टोपली टांगली तर?"

भिवा रंधा मारत होता. तो आधी हसला. मग त्याचा हात थांबला. तो उठला, कड्यापर्यंत चालत गेला, वाकून खाली पाहिलं आणि परत आला.

"एवढा लांब दोर आणणार कुठून?"

"तो माझ्यावर सोड."

"मग कप्पी माझ्यावर. पण काय करायचं आणि काय नाही, हे कुणी ठरवायचं?"

"ते पुढचं पुढे बघू," हौसा म्हणाली. तिला घाई झाली होती.

त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. कासरे वळायला बसे आणि मध्येच उठे. गिऱ्हाईक दारात उभं आणि हौसा कड्यावर, असं रोज होऊ लागलं. सासू म्हणाली, "हातातलं काम सोडून हे काय आभाळात दोर बांधायला निघालीस?" सासूचंही खरंच होतं. कासरे सोडले तर चूल कशावर पेटायची? आणि कासरेच वळत बसलं तर हा लांब दोर कधी व्हायचा? सकाळी ती ठरवी, आजपासून फक्त मोठा दोर. दुपारी ठरवी, आधी बाजाराचं काम. संध्याकाळी दोन्ही अर्धवट पडलेलं असे.

मग तिने लोकांना विचारायला सुरुवात केली.

गावचे पाटील म्हणाले, "करायचं तर मोठं कर. माझा बैल उतरला पाहिजे. टोपलीभर लोण्यासाठी कशाला एवढी यातायात?" शाळेचे पंतोजी म्हणाले, "आधी असं कुठे झालंय का, ते बघून ये. झालं नसेल तर त्याला काहीतरी कारण असणारच." तळपेठेचे व्यापारी माणकशेठ म्हणाले, "बंदरावरून काथ्याचा जाड दोर मागवतो. लोखंडी कप्पीही देतो. पण मग टोपलीत माल माझाच जाईल, दुसऱ्या कुणाचा नाही." त्या शेठकडे हौसा तीन वेळा जाऊन आली. होकार द्यायचं ठरवून घरून निघे. पेठेत पोचेपर्यंत नको वाटे. डोंगर चढून परत येताना पुन्हा वाटे, हो म्हणायला हवं होतं.

ज्याचं ऐकून येई, तसा दोर बदले. पाटलांचं ऐकून तिने दोर जाड करायला घेतला. तो स्वतःच्याच वजनाने झोळ धरू लागला. तो उलगडून तिने बारीक केला. मग पंतोजींचं आठवून दोन दिवस हातच लावला नाही. भिवाने तोवर चार कप्प्या केल्या होत्या आणि चारही निकामी ठरल्या होत्या, कारण दोराची जाडी रोज वेगळी.

"हौसे," तो वैतागून म्हणाला, "तू दोर वळतेस का माझं डोकं? एकदा काय ते ठरव."

"मी चुकले तर?"

"चुकलीस तर कळेल तरी. आत्ता काहीच कळत नाही."

भिवाने हत्यारं गोळा केली आणि तो घरी निघून गेला. हौसा कड्यावर बसून राहिली. हातात वाख होता आणि बोटं आपोआप तो वळत होती, पण कशासाठी वळतोय हे बोटांनाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात गोदाक्का तिथून चालली होती. गोदाक्का म्हणजे गावातली लोणी विकणारी म्हातारी. तिच्या डोक्यावरचं भांडं झाकलेलं होतं आणि मानेवरून वितळलेलं लोणी ओघळत होतं. बाजाराला निघून अर्ध्या वाटेवरून ती परत आली होती.

"पेठेपर्यंत गेले असते तर नुसतं लोणी नासवून आले असते," ती धापा टाकत म्हणाली. "हौसे, गाव म्हणतं तू काहीतरी मोठं करते आहेस. मला त्यातलं काही कळत नाही. एवढंच सांग, तुझ्या त्या टोपलीतून माझं लोणी ऊन तापायच्या आत खाली जाईल का?"

हौसाने खाली पाहिलं. बैल नाही, शेठचा माल नाही, एक लोण्याचं भांडं.

"जाईल," ती म्हणाली. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिने एखाद्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं होतं.

ती उठून थेट भिवाच्या दारात गेली. "तीन पेडांचा दोर. अंगठ्याएवढा जाड. बदलणार नाही."

भिवाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पाचवी कप्पी करायला घेतली.

दिवाळी झाली आणि दोर ताणला गेला. वर कड्यावर सागाचा खांब, खाली शेतात दुसरा. टोपली हळूहळू सोडायला आणि रिकामी परत ओढून घ्यायला एक बारीक दोर वेगळा, तो रहाटाला गुंडाळलेला. खाली माल उतरवून घ्यायला भिवाची बायको चंद्रा तळपेठेत माहेरी जाऊन राहिली.

पहिल्या दिवशी गोदाक्काचं लोणी गेलं. टोपली मध्यावर जाऊन हेलकावे खाऊ लागली तेव्हा हौसाने डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा खाली चंद्रा पदर हलवत होती. लोणी घट्टच्या घट्ट पोचलं होतं.

मग मध गेला, हिरडा गेला, पुढे दूधही जाऊ लागलं. हौसाने दोराला टांगून, दगड घालून, पुन्हा पुन्हा पाहून एक मर्यादा ठरवली होती. एका खेपेला एक मण, त्यावर छटाकही नाही. रोज सकाळी ती पूर्ण दोर डोळ्यांखालून घाली, जिथे हात पोचे तिथे चाचपून बघे. काम सुरू झालं तरी तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. आधी वाटे, दोर होईल का? आता वाटे, दोर राहील का? जेवताना मध्येच घास ठेवून ती रहाटाचा आवाज ऐकत बसे.

भिवाचं मात्र उलट होतं. त्याला धीर आला होता, आणि थोडा जास्तच आला होता.

असे चार महिने गेले. माणकशेठ एके दिवशी सकाळी स्वतः डोंगर चढून वर आले. बरोबर आसपासच्या घाटमाथ्यांवरचे आठ-दहा गावकारभारी होते. शेठनी सगळं फिरून पाहिलं. मग ते म्हणाले, "बाई, मी माझी जुनी अट सोडतो. कुणाचाही माल ने. या सगळ्या गावांना असे दोर हवे आहेत. सामान मी पुरवतो, बांधायचं काम तुमचं दोघांचं. पण आज या मंडळींना काहीतरी असं दाखव, की त्यांनी घरी जाऊन त्याचंच बोलत राहावं."

भिवाचा चेहरा उजळला. हौसा काही बोलणार, एवढ्यात पाटलांच्या घराकडून माणसं धावत आली.

पाटलांची सून सुंदरा अडली होती. आदल्या दिवसापासून कळा येत होत्या आणि मूल आडवं होतं. गावातल्या सुईणीने हात टेकले होते. अशा बाळंतपणात ज्यांचा हात चालतो त्या रखमाक्का, त्या राहायच्या तळपेठेत. सुंदराला खाटेवर घालून चौघांनी थेट कड्यावर आणलं होतं. मागून पाटील होते. डोक्याला पागोटं नव्हतं.

"हौसा, हिला टोपलीत घाल आणि खाली सोड," ते म्हणाले.

सगळे हौसाकडे बघू लागले.

"आबा, टोपली एका मणाची आहे. हिचं वजन त्याच्या वर जाईल."

"अगं, वाटेने गेलो तर दुपार होईल! तोवर ही राहायची नाही."

शेठ हळूच म्हणाले, "बाई, आज ही खाली सुखरूप पोचली, तर दहा गावांत तुझ्याशिवाय दुसरं नाव निघणार नाही."

आणि भिवा पुढे झाला. "होईल, हौसे. मला माहीत आहे होईल. तू घरी जायचीस तेव्हा मी दीड दीड मण सोडलाय. पाच-सहा वेळा. काही झालं नाही."

हौसाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची मान खाली गेली. पण रागवायलाही वेळ नव्हता. खाटेवर सुंदराने कण्हून कूस बदलली.

"पोत्यात दगड भरा," हौसा म्हणाली. "हिच्या वजनाचे. आधी ते जाऊ दे."

"दगडांचे खेळ करायला वेळ कुठे आहे?" पाटील ओरडले.

"एवढा आहे."

पोतं भरलं. भिवाने रहाट धरला. टोपली निघाली. दोर खूप खाली वाकला, कुरकुरला, कप्पी मध्येच अडखळली आणि पुन्हा सुटली. पोतं खाली पोचलं. चंद्राने ते उतरवून घेतलं आणि कड्यावर एकच गलका झाला. पाटलांनी हात जोडले. शेठ हसले. रिकामी टोपली वर येताच दोघांनी सुंदराला उचलायला हात घातले.

"थांबा," हौसा म्हणाली.

ती दोराजवळ गेली. खांबामागे चार हातांवर दोर एका खडकाच्या धारेवरून खाली उतरवून बांधला होता. तिथे तिने चिंध्या गुंडाळल्या होत्या. तिने चिंध्या सोडल्या, पालथी पडून हात दोराच्या खालच्या अंगाला नेला. वरून दोर चांगला दिसत होता. खालून तीन पेडांपैकी एक पेड तुटला होता.

दुसऱ्या कुणाला ते दिसलं नव्हतं. दिसणारही नव्हतं. पोतं तर सगळ्यांच्या देखत खाली गेलं होतं. हौसाच्या मनात दोन्ही बाजूंनी विचार धावले. दोन पेड अजून आहेत. एक खेप निघेलही. नाही म्हटलं आणि ही वाटेत गेली, तर गाव मला उभं करायचं नाही. हो म्हटलं आणि दोर गेला, तर... पुढचा विचार तिने केला नाही. ती उठून उभी राहिली.

"एक पेड तुटलाय. या दोरावरून माणूस जाणार नाही."

"आत्ता पोतं गेलं ना!" पाटील म्हणाले.

"त्यातच तुटला असेल, नाहीतर आधीच्या दीड मणांनी. आबा, शिव्या नंतर द्या. या दोरावरून चिठ्ठी जाईल. रखमाक्कांना वाटेने वर निघायला सांगा. आपण हिला डोलीतून खाली न्यायला निघू. अर्ध्या वाटेवर गाठ पडेल."

पाटलांनी डोली आणायला माणसं पिटाळली. मग पंतोजींनी खिशातून कागद काढला. चिठ्ठी टोपलीत गेली. चंद्राला वाचता येत होतं. वरून सगळ्यांना दिसलं, तिने चिठ्ठी वाचली आणि पदर खोचून पेठेकडे धाव घेतली.

आठ जणांनी आळीपाळीने डोली उचलली. हौसा बरोबर निघाली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि थांबही म्हटलं नव्हतं. उतारावर डोलीला हिसके बसत होते. प्रत्येक हिसक्याला सुंदरा ओरडे आणि प्रत्येक ओरडण्याला पाटील मागे वळून हौसाकडे बघत.

एका वळणावर सुंदराने तिचा हात धरला. "हौसाक्का, टोपलीत बसवलं असतंत तर आत्तापर्यंत पोचले असते ना?"

"पोचली असतीस," हौसा म्हणाली. "नाहीतर पोचली नसतीस. मला माहीत नाही गं."

सुंदराने हात सोडला नाही.

अर्ध्या वाटेवर जांभळीखाली पाण्याचं कुंड होतं. तिथे रखमाक्का भेटल्या. चंद्राने त्यांना जवळजवळ ओढतच आणलं होतं. त्यांनी पुरुषांना मागे पिटाळलं, लुगड्यांचा आडोसा केला. हौसाने सुंदराचे खांदे धरले. ऊन डोक्यावर आलं, कलू लागलं. शेवटी मुलगी झाली. निळी पडली होती. रखमाक्कांनी तिला उलटी धरून पाठ चोळली तेव्हा ती रडली. सुंदराही वाचली, पण पुढे दोन महिने ती अंथरुणाला खिळून होती.

त्या दिवशी तिला टोपलीत बसवलं असतं, तर दोर टिकला असता की तुटला असता, हे कधीच कुणाला कळलं नाही. गावात दोन तट पडले. काही म्हणत, हौसाने जीव वाचवला. काही म्हणत, हौसाने त्या पोरीचे उगाच हाल केले. पाटील कित्येक दिवस तिच्याशी बोलले नाहीत. माणकशेठ तर त्याच दुपारी जाताना पंतोजींना म्हणाले, "ज्या बाईचा स्वतःच्या मालावर भरवसा नाही, तिच्यावर मी कशाला भरवसा ठेवू?" दिलेला शब्द त्यांनी परत घेतला.

हौसाने टोपली बंद ठेवली आणि नवा दोर वळायला बसली. आठ दिवस भिवा फिरकला नाही. नवव्या दिवशी तो आला आणि ओसरीच्या खालच्या पायरीवर बसला.

"मी दीड मण सोडला, ते तुला सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"आणि कुणी काय ठरवायचं, हे तू पहिल्याच दिवशी विचारलं होतंस. मी टाळलं," हौसा म्हणाली. "आता ठरवू. वजनाचं मी बघेन. लाकडाचं तू."

"आणि आपल्या दोघांचं पटलं नाही तर?"

"तर टोपली हलणार नाही."

भिवाने मान डोलावली. मग त्याने वाखाची एक पेंढी ओढून घेतली आणि तो तिला विंचरून द्यायला लागला.

नवा दोर ताणला, टोपली पुन्हा सुरू झाली. लोणी, मध, दूध, एका मणाच्या आत. पण दुसऱ्या गावांहून बोलावणं आलं नाही. हौसाची तगमग काही संपली नव्हती. वाटे, आपण त्या दिवशी सगळंच घालवलं. एक घटकाभर गप्प बसले असते तर? मग तिला ती निळी पोर आठवे आणि ती पुन्हा कामाला लागे.

पाऊस संपल्यावर दोन माणसं डोंगर चढून आली. पलीकडच्या घाटावरच्या भोरकड्याहून आली होती. त्यातला एक, शेठबरोबर आलेल्या कारभाऱ्यांपैकी होता.

"दोर बांधून हवाय," तो म्हणाला. "आमच्या मधासाठी."

"शेठनी पाठवलं?" भिवाने विचारलं.

"नाही. शेठनी दुसरा माणूस दिला होता. तो म्हणाला, काहीही घाला, दोर कधी तुटायचाच नाही. ते ऐकल्यावर आमच्या गावात कुणी टोपलीत गाडगं ठेवायला तयार होईना. मी त्या दिवशी इथे होतो, बाई. पोतं खाली पोचलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. सगळे नाचत होते आणि तुम्ही पालथ्या पडून दोर चाचपत होता. आम्हाला तुमचा दोर हवाय."

हौसाने लगेच हो म्हटलं नाही. तिने पदराने हात पुसले, कड्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "तुमचा कडा केवढा उंच आहे? आधी तो मला दाखवा. जमणार नसेल तर तिथेच सांगेन."

"म्हणूनच आलोय," कारभारी म्हणाला.

त्याच दिवशी दुपारी हौसा आणि भिवा त्यांच्याबरोबर वाटेला लागले.

तात्पर्य: नवं काम उभं करणाऱ्याला सल्ले देणारे पुष्कळ भेटतात, पण आपली वस्तू कुठवर पुरते हे त्याने स्वतःच्या हाताने तपासलं पाहिजे, आणि जिथे ती पुरत नाही, तिथे समोर कितीही मोठी निकड किंवा संधी उभी असली तरी तसं स्पष्ट सांगितलं पाहिजे. लोकांचा भरवसा त्या खऱ्या 'नाही'वरच बसतो.